पुलापर्यंत माझं ऐका

मी ऑक्सिजन सेन्सर बोलतोय. जरा घाईत आहे, कारण मला बोलायला मुळा नदीच्या पुलापर्यंतच वेळ मिळतो. पुलानंतर या गाडीत माझंच काय, कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. का, ते सांगतोच.

दिसायला मी बोटभर लांबीचा एक जाडसर बोल्ट, मागे चार तारांची शेपटी. इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाईपात माझं घर. तिथे नाक खुपसून बसायचं, धुरात हवा किती उरलीय ते हुंगायचं आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचं, एवढीच माझी नोकरी. हवा जास्त आहे म्हटलं की तो पेट्रोल वाढवतो, कमी आहे म्हटलं की हात आखडतो. माणसं गाडी पुसतात, आरसे चकाकवतात, सीटला नवी कव्हरं शिवतात. पण खाली वाकून माझी विचारपूस करणारं माणूस मला बरेच दिवस भेटलं नव्हतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते विचारू नका. खोक्यावर नाव नव्हतं, नुसतं 'सगळ्या गाड्यांना चालेल' असं छापलेलं. नगरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात मी फळीवर पडून होतो. शेजारी कंपनीचे सेन्सर सीलबंद डब्यांत ऐटीत बसलेले. गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडे बघायचं आणि किंमत ऐकली की माझ्याकडे. दुकानदार मला 'लोकल' म्हणायचा, गिऱ्हाईक 'डुप्लिकेट' म्हणायचं. या दोन्हींत फरक आहे, राव. मी कुणाचं नाव लावून फिरत नाही. मी स्वस्त आहे, खोटा नाही.

एके दिवशी राहुरीच्या वैजनाथ मेकॅनिकने मला उचललं. त्याच्या गॅरेजात निवृत्त मास्तर डेव्हिड पाटोळे सरांची पांढरी गाडी उभी होती. वयाने पंधरा वर्षांची, मागून काळा धूर, पुढे काचेखाली पिवळा दिवा. वैजनाथने मशीन लावून बघितलं, तर मशीनने सेन्सरकडे बोट दाखवलं.

"सर, कंपनीचा मागवला तर लई थांबावं लागंल," वैजनाथ म्हणाला, "आन् जुन्या गाडीला कशाला येवढा खर्च? ह्यो लोकल टाकू. चालतोय."

सरांना हे लगेच पटलं. काटकसर त्यांच्या हाडीमाशी. त्यांच्या पत्नी हन्नाबाई चर्चमध्ये पेटी वाजवतात. त्या पेटीच्या भात्याला चीर पडली, तेव्हा सरांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा डकवून दिला होता. तेव्हापासून पेटी फुसफुसत का होईना, वाजते.

माझ्या तारा नुसत्याच सुट्या. गाडीला जोडायचं तोंड माझ्यापाशी नाही. मग वैजनाथने आधीच्या सेन्सरचं, म्हणजे कंपनीच्या म्हाताऱ्याचं तोंड पार मुळाशी कापलं, माझ्या तारांना पिरगळून जोडलं आणि वर टेप गुंडाळला. म्हातारा पंधरा वर्षं तिथे नोकरीला होता. सरांनी त्याला डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं, कारण फेकून देणं त्यांच्याने होत नाही.

मी कामावर रुजू झालो. पहिलाच श्वास घेतला आणि चक्रावलो. हवा! धुरात असू नये इतकी हवा. मी इमानदारीने तसं कळवलं. कॉम्प्युटरने पेट्रोल ओतलं. मी पुन्हा म्हटलं, हवा जास्त आहे. त्याने आणखी ओतलं. काळा धूर होता तसाच आणि पिवळा दिवाही परत हजर. धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली, एकदा नाही, दोनदा. सगळ्यांचं एकच म्हणणं, डुप्लिकेटच तो, दुसरं काय होणार? आता मी खालून काय सांगणार कपाळ! मला तोंड होतं, पण ते म्हाताऱ्याचं.

इथे गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. धुराचा दाखला नाही तर पंधरा वर्षांनंतरची नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर गाडी भंगारात. पुण्याला असलेला सरांचा मुलगा जॉय म्हणत होता, द्या सोडून, मी कॅब करून देत जाईन. पण दर रविवारी हन्नाबाई पेटी डिकीत टाकून नदीपलीकडच्या वाडीत उपासनेला जातात. ते त्यांचं माहेर. तिथे कॅब येत नाही आणि एसटी पोचते तेव्हा उपासना संपलेली असते. पेटी नसली की वाडीतली मोजकी माणसं गातच नाहीत, नुसती बसतात आणि घरी जातात. हन्नाबाईंना हेच खात होतं.

आता या मंडळींची खोड सांगतो. गाडी फाटकाबाहेर पडली रे पडली की हन्नाबाई सूर लावायच्या. सर स्टिअरिंगवर ठेका धरायचे आणि मागच्या सीटवरून केशरबाई नावाच्या त्यांच्या मैत्रीण अशा काही वरच्या पट्टीत शिरायच्या की रस्त्याकडेची बकरी मान वर करायची. वाडी येईपर्यंत खंड नाही. मला ते गाणं आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण त्या गलक्यात इंजिन काय म्हणतंय ते कोण ऐकणार?

नाताळात घरोघर गाऊन हन्नाबाईंचा घसा बसला. डॉक्टरांनी आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही म्हणून बजावलं. नेमक्या त्याच दिवसांत जॉय आला आणि गाडी भंगारवाल्याला दाखवायला नगरकडे निघाली. सूर देणारीच गप्प, म्हणून सगळे गप्प. त्या गाडीत इतकी शांतता मी पहिल्यांदा अनुभवली.

थोडं अंतर गेल्यावर हन्नाबाईंनी सरांच्या हातावर थाप मारून गाडी थांबवायला लावली. इंजिन चालूच. त्या उतरल्या, पदर खोचला, पुढच्या चाकाशी वाकल्या आणि कान लावून ऐकू लागल्या. माझ्या आयुष्यात माझं ऐकायला वाकलेलं हे पहिलं माणूस. मग त्यांनी नाताळापासून डिकीतच राहिलेली पेटी आणून बॉनेटवर ठेवली आणि एकही पट्टी न दाबता भाता हलवला. वर फुस् फुस्, खाली फुस् फुस्. जॉयला वाटलं आई दुःखाने भ्रमिष्ट झाली. सर मात्र मान तिरकी करून ऐकत राहिले.

डॉक्टरांचं बजावणं मोडून हन्नाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "अहो, हिचापण भाता फुटलाय."

सरांनी गाडी तिथूनच वळवली. वैजनाथने पाईपावर साबणाचं पाणी ओतलं, तर माझ्या अलीकडच्या जोडापाशी बुडबुडे आले. बारीकशी चीर होती. तिच्यातून धूर बाहेर फुसकायचा आणि मधल्या झटक्यात बाहेरची हवा आत शिरायची, तीच मी हुंगत होतो. वैजनाथने कप्प्यातला म्हातारा मागून घेतला आणि बराच वेळ हातात फिरवला.

"सर, ह्यो बी खरंच सांगत हुता," तो म्हणाला. "आपुन त्याचंच तोंड कापलं."

त्याला परत बसवता येईल का, असं सरांनी विचारलं. तारा फार आखूड कापल्या होत्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

चिरेवर वेल्डिंग मारलं, दिवा विझला, धूर निवळला. तपासणीत गाडी पास झाली, नोंदणीही झाली. जॉय पुण्याला परतला. मी काही म्हाताऱ्याइतका टिकणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याच्या निम्मी वर्षं काढली तरी पेढे वाटा. पण आहे तोवर खोटं सांगणार नाही.

हन्नाबाईंचा घसा सुटला, तसा त्यांनी नियम केला: आधी गाडीचं ऐकायचं, मग गायचं, पुलापर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. केशरबाई पहिल्या रविवारी रुसल्या, आता सगळ्यांत जास्त कान त्याच लावतात. तुमच्याही गाडीत कधी पिवळा दिवा लागला तर मला, नाहीतर माझ्या कंपनीवाल्या भावाला उपटण्याआधी रेडिओ बंद करा आणि एकदा खाली वाका. एवढंच मागणं आहे.

हे बघा, पुलाच्या सांध्यावर चाकं धडधडली. हन्नाबाई घसा खाकरतायत, सरांची बोटं स्टिअरिंगवर आली. धुरात हवा बेताची आहे, काळजी नसावी. आता त्यांना गाऊ द्या.