बाहुलीची कावीळ

स्थळ: पाण्याच्या टाकीमागची पत्र्याची शेड. मुंगीला शिरायला जागा नाही. मधोमध कावीळ उतरवणारा बुवा. रोग्याच्या तळहातांना तो ‘सिद्धजल’ चोळतो, वरून पांढुरकं पाणी ओततो आणि परातीत पिवळंधमक पाणी उतरतं.

“बघा! डॉक्टर रोग आत दाबतो, मी बाहेर ओढतो. गोळ्या बंद!”

लोक हात जोडतात. ढोंग्याचं फावतं.

(सेवा-उपक्रमाच्या अहवालाचे रकाने कॉलेजचे. मजकूर माझा, रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीचा.)

काय शिकवले: पहिलीच्या मुलांना हळदीचा कागद. साबणाचं पाणी लागलं की लाल. फोटो काढायची घाई होती. मी म्हणाले, “जादू!” टाळ्या पडल्या. कारण सांगायचं राहिलं.

अडचणी: पुढच्या आठवड्यात एक चिमुरडी म्हणाली, “ताई, बुवांनी बाबांची कावीळ काढली. तुमच्यासारखीच जादू! बाबांनी गोळ्या फेकून दिल्या.”

“बरे आहेत का गं?”

“झोपूनच असतात. डोळे पिवळेच आहेत.”

मी तिच्यासमोर खाली बसले. “ती जादू नव्हती. साबणानं हळदीचा रंग बदलतो, एवढंच. मी खोटं बोलले.”

“मग बुवा पण खोटं बोलतात?”

“तपासू या. ज्याला कावीळ होऊच शकत नाही, त्याचे हात धुऊ.”

ती धावत घरी गेली आणि बाहुली घेऊन आली.

प्रत्यक्ष कृती: शेडमध्ये तिचे बाबा दुसऱ्यांदा कावीळ उतरवून घ्यायला बसले होते, भिंतीला टेकून. पोरीनं विचारलं नाही, सवरलं नाही. बाहुलीचे हात सिद्धजलात बुडवले, मग पांढऱ्या पाण्यात. पिवळे!

“बाबा, हिला पण कावीळ!”

कुणीतरी फिस्सकन हसलं.

“बाहुलीत दोष शिरलाय!” बुवा ओरडला.

“प्लॅस्टिकला यकृत कुठलं हो?” मी म्हणाले आणि दोन्ही भांड्यांतलं पाणी सरळ रिकाम्या परातीत ओतलं. कुणाचाच हात नाही, तरी पिवळं. “हा झाडाच्या सालीचा काढा, हे चुन्याचं पाणी. एकत्र आले की रंग येणारच. रोगी लागतोच कशाला?”

“कॉलेजची कार्टी! शाप लागेल!”

“लागू दे. आधी परात उचला आणि निघा.”

बाबा उठले. पोरीच्या खांद्याचा आधार घेत एवढंच म्हणाले, “दवाखान्यात चल.”

निष्पत्ती: रक्ताची तपासणी वाईट आली. दाखल करून घेतलंय. त्यांच्या शरीरातले हे आठ दिवस बुवानं चोरले, आणि ‘जादू!’ म्हणून त्याला दार मी उघडून दिलं.

सूचना: डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासा. कुणी चमत्कारानं आजार काढत असेल, तर त्याला सांगा: आधी निरोग्यावर करून दाखव.