‘कबूल’पर्यंतचा वळसा

आफताबला चहा आवडत नसे. तरी तो चहाच पीत असे, कारण ‘कॉफी’ हा शब्द ‘क’पासून सुरू होतो. विश्रांतवाडीहून खराडीच्या ऑफिसला जाताना तो रिक्षावाल्याला “नगर रस्त्याने चला, पुढचं सांगतो,” असे म्हणे. क, ख, ग हे ध्वनी त्याच्या घशात अडत, आणि अडणार अशी चाहूल लागताच तो शब्द बदलून पुढे सरके. ही अदलाबदल इतकी सफाईदार झाली होती, की तो तोतरा आहे हे घराबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. माहेनूरलाही नव्हते, आणि तिच्याशी त्याचा निकाह ठरला होता.

‘पुन्हा कधी भेटायचं?’ हा साधा प्रश्न त्याच्या तोंडून “भेटीचा दिवस तुम्ही निवडा, मी हजर असेन,” असा बाहेर पडे. ‘कंटाळा आला’ याच्या जागी “दिवस संपतच नव्हता.” माहेनूर हसून म्हणे, “तुम्ही बोलता की जुन्या जमान्यातलं पत्र वाचून दाखवता?” हा माणूस शब्द निवडून बोलतो, असे तिला वाटे. तिचे निरीक्षण अचूक होते. त्यामागचे कारण तेवढे तिला माहीत नव्हते.

निकाहात मात्र शब्द निवडायची सोय नव्हती. तिथे सगळ्यांसमोर तीनदा ‘कबूल है’ म्हणायचे असते.

तारीख ठरल्यापासून त्याला एकच स्वप्न पडू लागले. हॉल वरच्या झुंबरांपर्यंत स्वच्छ पाण्याने भरलेला असे. पाहुण्यांच्या ओढण्या आणि शेरवान्यांचे घोळ संथ हलत. काझीसाहेबांचा प्रश्न बुडबुड्यासारखा तरंगत त्याच्यापर्यंत येई आणि कपाळाला लागून फुटे. तो तोंड उघडे, तर शब्दाच्या जागी जिभेवर गुळगुळीत गोटा. स्वप्नात कोणी रागावत नसे, कोणी हसतही नसे. सगळे डोळे मिटून, अतिशय प्रेमाने वाट पाहत. त्या प्रेमाने दचकून तो जागा होई.

ऑफिसात मोटारींचा आवाज मोजण्यासाठी एक खास खोली होती. भिंतींना, छताला फोमचे सुळके. उच्चारलेला शब्द तिथून परत येत नसे. दार लागले की स्वतःच्या रक्ताची सळसळ ऐकू येई आणि थोड्या वेळाने आपण कुठे संपतो नि काळोख कुठे सुरू होतो, हेही नक्की सांगता येत नसे. एका दुपारी त्या मऊ शांततेत उभे राहून तो म्हणाला, “कबूल है.” शब्द लोण्यासारखा निघाला. पुन्हा म्हणाला, पुन्हा निघाला. तेवढ्यात सहकारी ऋषीने दारातून डोके घातले. “सर, मीटर चालू आहे का? कुणाशी बोलताय?”

“क...” म्हणून आफताब अडला, आणि मान हलवून बाहेर पडला.

जीभ तीच, खोली तीच. बदल म्हणाल तर दोन कान वाढले होते. प्रयोग छोटा असला तरी निष्कर्ष टाळता येण्यासारखा नव्हता. लहानपणी मदिनाबींनी, म्हणजे त्याच्या अम्मीने, त्याला दम केलेले, म्हणजे दुआ पढून फुंकर घातलेले पाणी पाजले होते. त्याने अपाय झाला नाही, इतके त्या उपायाबद्दल सांगता येईल. या वेळी तो वाचा-उपचार करणाऱ्या द्वारका मॅडमकडे गेला.

“जीभ शाबूत आहे तुमची,” त्या म्हणाल्या. “अडखळू नये म्हणून तुम्ही जे जे करता, ते सगळं भीतीला खाऊ घालणं आहे.”

“मग उपाय?”

“मुद्दाम अडखळायचं. लोकांसमोर.”

“हा उपाय नाही, सूड आहे.”

“करून बघा, मग ठरवा. न बघता मत देणाऱ्यांतले दिसत नाही तुम्ही.”

त्याने पेठेतल्या एका बेकरीपासून सुरुवात केली. “क... क... क... क्रीमरोल.”

“सावकाश होऊ द्या,” दुकानदार वर न बघता म्हणाले. “एक वाजता दुकान बंद होतं. तोवर मी इथेच आहे.”

मागे कोणीतरी खुदकन हसले. आफताबच्या कानशिलांत आग उठली, फरशी मऊ झाली, बरण्यांतली बिस्किटे दूर कुठेतरी पोहू लागली. तो पळाला नाही. धडधड चढत गेली, चढता चढता थकली आणि आपोआप उतरू लागली. तिला उतरतीही असते, हे तो प्रथमच पाहत होता. आजवर दर वेळी चढावरच त्याने काढता पाय घेतला होता. तो बाहेर आला तेव्हा हातात क्रीमरोल होता आणि रस्ता नेहमीएवढाच कडक होता.

पुढचे आठवडे असेच गेले. भीती गेली नाही. तिची ओळख तेवढी वाढली.

मग एक दिवस दादामियाँ आले. अब्बांच्या पश्चात या चाचांनीच घर सावरले होते. “बेटा, काझीसाहेबांशी बोलून ठेवलंय,” ते हळूच म्हणाले. “तू नुसतं ‘जी’ म्हण, मान हलव, सही कर. चालतं तसं. तमाशा कशाला?”

आफताबच्या अंगभर ऊब पसरली, साखरझोपेसारखी. ही ऊब त्याच्या ओळखीची होती. शब्द बदलून निसटला की दर वेळी हीच येत असे.

दुसऱ्या दिवशी त्याने माहेनूरला कल्याणीनगरच्या एका कॅफेत बोलावले. वेटर आला. “क... क... कॉफी,” आफताब म्हणाला.

माहेनूरने पाहिले. “हे काय होतं?”

“हे माझं ख... खरं बोलणं. आजवर ऐकलंत त्यात निम्मी पळवाट होती.”

“म्हणजे ‘दिवस संपतच नव्हता’...?”

“कं... कंटाळा म्हणायचं होतं.”

माहेनूरने समोरचा मेनू मिटून ठेवला. “आणि मी मैत्रिणींना सांगत फिरले, शायर मिळाला म्हणून.”

“इंजिनिअर मिळालाय.”

“दिसतंय.” तिला हसू आले, पण पुरते आले नाही. “मला वाईट वाटलंय, सांगून ठेवते. माझ्यासमोर बसून तुम्ही एकटेच घाबरत होता.” मग ती म्हणाली, “ते पत्रासारखं बोलणंही आता जाणार असेल, तर त्याचंही वाईट वाटतंय.”

भीतीने काही सुंदर घडवलेले असू शकते, ही शक्यता त्याने हिशेबात धरलीच नव्हती.

“निकाहाला मी आतल्या खोलीत असेन,” ती म्हणाली. “तिथे स्पीकर आहे. चाचांनी काय ठरवलंय, ते तुमच्या अम्मीकडून मला कळलंय; कारण आत्ता कळलं. मला ‘जी’ ऐकायचं नाही. कितीही वेळ लागू दे.”

निकाहाच्या दुपारी हॉल भरला होता. माहेनूरची संमती आणायला आत गेलेल्या निकाहाच्या वकिलांनी ती मिळाल्याचे सांगितले. काझीसाहेबांनी आफताबला विचारले आणि माइक खाली करून कुजबुजले, “‘जी’ म्हणा, पुरे.” दादामियाँ लांबून मान हलवत होते: म्हण, म्हण.

आफताबने नकारार्थी मान हलवली आणि माइक वर केला. “क...”

तिथेच सगळे थांबले. पंखे मंद झाले, अत्तराचा वास पाण्यात सोडलेल्या रंगासारखा उलगडत गेला, माणसांचे चेहरे निळसर, दूर. फक्त या वेळी डोळे उघडे होते, त्यांचेही आणि त्याचेही. कोणी खोकले. मागच्या रांगेत कोणी हसले. धडधड चढत होती. तो तिच्याबरोबर चढत गेला, आणि माथ्यावर पोचून उभा राहिला.

“...क... कबूल है.”

दुसऱ्यांदा पहिल्याहून जास्त वेळ लागला. सरावाने दर वेळी सुधारणा होते, या समजाला त्यामुळे धक्का बसला. तिसऱ्यांदा मधेच एक तान्हे मूल रडू लागले, लोक तिकडे वळून पाहू लागले, आणि त्या गडबडीत आफताबने तोतरेपणाने, संपूर्ण, शेवटचे ‘कबूल है’ म्हटले. आतल्या खोलीतून बायकांचा गलका उठला.

दादामियाँनी येऊन त्याला मिठी मारली. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाजात तक्रार होती. “किती वेळ लावलास रे! माझा जीव गेला असता.”

“ग... गेला नाही ना?” आफताब म्हणाला. त्याची धडधड अजून पुरती उतरली नव्हती, आणि रांगेतला पुढचा पाहुणा हात पुढे करून त्याचे ऑफिस कुठे आहे ते विचारत होता.