पाण्यात कालवलेली राख

चावीकाकांची सून दुसऱ्या रविवारीही चर्चच्या दाराबाहेरच उभी राहिली, तेव्हा आत मेणबत्त्या लावता लावता काकांनी दाराकडे पाठ फिरवली. तिच्या कपाळावरची जखम कशानं झाली, हे त्या अख्ख्या चर्चमध्ये त्यांना एकट्यालाच माहीत होतं. आणि तेच मूग गिळून बसले होते.

काका या चर्चचे सेवक. दारं उघडायची, फरशी पुसायची, घंटा वाजवायची आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावायचं. चाळीस वर्षांत चार फादर बदलले, काका होते तिथेच. ‘माझं चुकलं’ हे शब्द या माणसाच्या तोंडून त्यांच्या बायकोनंही कधी ऐकले नव्हते. ती बिचारी या हिवाळ्याच्या सुरुवातीला गेली, न ऐकताच.

घोळ झाला तो ती नसल्यामुळे. राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख दर वर्षी तीच करायची. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी लोकांनी घरी नेलेल्या झावळ्या सुकून परत यायच्या. ती त्या जाळायची, राख फडक्यातून गाळायची आणि तेलाचे थेंब घालून कालवायची. काकांना जवळ फिरकू द्यायची नाही. "तुम्ही फुंकर माराल आणि सगळी माझ्या डोळ्यांत जाईल," म्हणायची. यंदा काकांनी स्वतःच घाट घातला. झावळ्या थोड्याच आल्या होत्या, त्यांची राख मूठभरही होईना. मग त्यांनी खोलीतल्या शेगडीतली लाकडाची राख तिच्यात मिसळली. राख ती राख, त्यात काय एवढं. तेलाची बाटली सापडेना, म्हणून सरळ पाणी ओतलं, लगदा केला आणि वाटी झाकून ठेवली. लाकडाची राख पाण्यात मुरली की कातडी खाते, हे राखेच्या पाण्यानं कपडे धुतलेल्या कुठल्याही म्हातारीनं सांगितलं असतं. पण कुणाला काही विचारायचं म्हणजे काकांच्या जिवावर यायचं.

बुधवारी सकाळच्या प्रार्थनेला चर्च भरलं होतं. फादर तरुण, अभ्यासू, जुन्या ग्रंथांत रमणारे. त्यांनी प्रवचनात पूर्वीच्या ख्रिस्ती लोकांची हकिकत सांगितली. त्या काळी मोठं पाप केलेल्यांच्या डोक्यावर या दिवशी राख टाकत, त्यांना गोणपाट नेसवत आणि चर्चच्या दाराबाहेर काढत. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या गुरुवारपर्यंत ते बाहेरच. मग बिशप स्वतः हात धरून त्यांना आत आणत. काकांनी ही हकिकत जांभया देत ऐकली. सून मात्र पुढच्या बाकावर मान खाली घालून बसली होती आणि तिच्या कानांतून एक अक्षरही सुटत नव्हतं.

मग एकेकाच्या कपाळावर फादरांनी राखेचा क्रूस काढला. माणूस मातीचा आहे, मातीतच जायचा आहे, याची आठवण प्रत्येकाला करून दिली. अर्ध्या तासात लोक कपाळं चोळायला लागले. अंगणातल्या नळावर रांग लागली. काकांनीही आपलं कपाळ गुपचूप धुऊन टाकलं. ज्यांनी धुतलं त्यांचं लालसर चट्ट्यावर भागलं, दोन दिवसांत तोही गेला.

दुपारी फादर आपला सोललेला अंगठा घेऊन आले. "काका, राख तेलातच कालवली होती ना?"

"तेलातच. नेहमीसारखी."

शब्द तोंडातून गेले आणि काकांच्या लक्षात आलं, की हे आता परत घेता येणार नाहीत. म्हणजे घेता आले असते. पण घेतले नाहीत.

सुनेनं कपाळ धुतलं नव्हतं. राख आपल्या हातानं पुसायची नाही, दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीत जाईल तेव्हा जाऊ द्यायची, ही तिच्या सासूची शिकवण. सासूवर तिचा फार जीव. आग आग होत असताना ती पोर दिवसभर दात आवळून बसली. काका दिवसभर चर्चमध्ये नसती कामं काढत राहिले, घरी फिरकलेच नाहीत. सकाळी तिच्या कपाळावर क्रूसाच्या आकाराची ओली जखम होती.

महिन्याभरापूर्वीच तिचं बाळ गेलं होतं. सातव्या महिन्यात, पोटातच. नवरा जहाजावर, त्याला रजा मिळाली नाही. चर्चमागच्या दोन खोल्यांत सून आणि सासरा, दोघंच. बाळाबद्दल दोघंही बोलत नसत. काकांना बोलता येत नव्हतं आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

आता ती जखमेला मलम लावू देईना. नर्सबाई दोनदा येऊन गेल्या, तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला नाही. जखम चिघळली, अंगात ताप राहू लागला, ताटातलं जेवण तसंच परत जाऊ लागलं. "असंच चाललं तर हे रक्तात उतरेल," नर्सबाईंनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं. रविवार आला की ती पायऱ्यांवर उभी राहायची, थंडी असो की ऊन. लोक आत जाताना नजर चुकवायचे.

त्या दुसऱ्या रविवारनंतरच्या शनिवारी दुपारी काकांचा धीर सुटला. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. काका समोर स्टुलावर टेकले.

"आत का येत नाहीस तू?"

"मला बाहेर काढलंय, बाबा."

"कुणी?"

तिनं कपाळाकडे बोट केलं. "राख सगळ्यांना एकच होती. बाकीच्यांचे चट्टे दोन दिवसांत गेले. जळलं माझंच." मग म्हणाली, "मला ते बाळ नको होतं. ते असे दूर, आई गेलेल्या. मी एकटी काय करणार होते? एक दिवस मी देवाला तोंडानं म्हटलं, घेऊन जा याला. त्यानं नेलं."

चाळीस वर्षांत न काढलेला शब्द काढायचा म्हणजे जीभच वळेना. पण काढला.

"माझं चुकलं, पोरी. मी राख पाण्यात कालवली. शेगडीतली राख होती. ती पाण्यात घातली की भाजते. बाकीच्यांनी धुतली, तू ठेवलीस. देवाचा यात काही संबंध नाही."

ती थकलेलं हसली. "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. मी फादरांना विचारलं होतं. ते म्हणाले, राख नेहमीसारखी तेलातलीच होती. काकांनी स्वतः सांगितलंय."

स्वतःचंच खोटं असं दारात येऊन उभं राहील, याची काकांना कल्पना नव्हती. त्यांनी आणाभाका घेतल्या. ती नुसती मान हलवत राहिली. ज्याच्या तोंडून कधी चुकीची कबुली निघाली नाही, त्याची ही पहिली कबुली तिला माया वाटत होती.

मग काका उठले. शेगडीतली राख त्यांनी वाटीत काढली, तिच्यासमोर पाणी घातलं, लगदा केला आणि बोटानं आपल्या कपाळावर जाड क्रूस ओढला. "बघ आता," म्हणाले आणि परत स्टुलावर बसले.

पहिला तास काही विशेष नाही. मग खाज, मग आग. काकांनी हात मांड्यांखाली दाबून धरले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी तेही पुसेनात. ती आधी इकडेतिकडे बघत होती, मग त्यांच्याकडेच बघायला लागली. ऊन भिंतीवरून सरकत वर गेलं. लगद्याच्या कडेनं कातडी लाल झाली, मग पांढुरकी पडून सुटायला लागली. तिनं पुढे वाकून अगदी जवळून पाहिलं.

"असंच झालं होतं," ती म्हणाली. "चार वाजेपर्यंत असंच."

"हो."

"पाण्यानं गेलं असतं?"

"लगेच."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

काकांनी मान डोलावली.

"मला वाटलं, देवाला राग आला," ती हळूच म्हणाली. "राग आला म्हणजे माझं बाळ गेल्याचं निदान कुणाच्या तरी लक्षात आलं. तो माझ्याशी बोलला, वाईट का होईना. आता तुम्ही म्हणता तसं असेल, तर कुणी काही बोललंच नाही, बाबा. इतके दिवस मी नुसतीच उभी होते."

काकांना रडू फुटलं.

ती भिंतीला धरून उठली. डोक्यावरचा रुमाल सोडून तिनं बादलीत बुडवला आणि काकांचं कपाळ पुसायला लागली. मायेनं नाही, करपलेलं भांडं घासावं तसं, खसाखसा, राख पुरती निघेपर्यंत.

"त्या दिवशी एवढंच करायचं होतं," ती म्हणाली. "एवढंच, बाबा."