भंडाऱ्यावर बोललेलं वाक्य

महादेवप्पा अण्णांनी कुणाला 'मॅडम' म्हटलं की समजून जावं, काहीतरी बिनसलंय. एरवी ते मंजुश्रीला मंजू म्हणत. कुरणवाडीची पोर, आपल्याच कॉलेजात शिकली, आपल्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, मग मॅडम कशाला? पण सतरा सप्टेंबरच्या, मुक्तिदिनाच्या, सकाळी झेंडावंदन उरकलं, पाहुण्यांचा चहा सुरू झाला, आणि संस्थेचे सेक्रेटरी असलेल्या अण्णांनी तिला ऑफिसात बोलावून दार लोटून घेतलं.

"बसा मॅडम."

मंजुश्री बसली नाही.

"आज तुमचं व्हिएतनामवर भाषण हाय न्हवं?"

"व्हय अण्णा. तिथल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर. पत्रिकेत छापलंय."

"छापलंय म्हणूनच बोलायलोय. बोला की, तासभर बोला. पर व्हिएतनामच्या शिवेबाहेर पाय टाकायचा न्हाई. हॉस्टेलचं नाव निघालं तर उद्यापासून तुमचा तास बी बंद आन क्वार्टर बी रिकामं. मी वाईट माणूस न्हाई, पर आधी सांगून ठेवायलोय."

वाईट माणूस नाही असं स्वतःच सांगणाऱ्या माणसापुढे काय बोलणार? मंजुश्री हंगामी प्राध्यापिका होती. दर जूनला तिची नेमणूक याच माणसाच्या सहीनं पुढे सरकायची. लग्न केलेलं नव्हतं, वाडीतलं घर भावाचं. ग्रंथालयामागच्या क्वार्टरच्या दोन खोल्या एवढंच तिचं बस्तान. ती "बरं" म्हणाली आणि बाहेर आली.

समोरच हॉस्टेलच्या ओसरीवर पोरींच्या पत्र्याच्या ट्रंका रांगेनं ठेवलेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत इमारत रिकामी करा, उद्या रंगारी येणार, असा हुकूम होता. नर्सिंग कॉलेज यायचं होतं, त्याला जागा हवी होती.

आता या हॉस्टेलची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बीदर जिल्ह्यात हुमनाबादकडून हळ्ळीखेडला जाताना ज्या माळावर हे कॉलेज उभं आहे, तो माळ कुरणवाडीच्या धनगरांचं कुरण होता. महादेवप्पांचे वडील, सगळे त्यांना थोरले अप्पा म्हणत, त्यांना कॉलेज काढायचं होतं. वाडीनं कुरण दिलं. जमिनीचा कागद झाला, पण त्याबदल्यात अप्पांनी जे वचन दिलं त्याचा काही कागद झाला नाही. ते बिरोबाच्या देवळात झालं. मुठीत भंडारा, म्हणजे देवाची हळद, घेऊन अप्पा म्हणाले, "हे कॉलेज उभं हाय तंवर कुरणवाडीची लेक हितं फुकट राहील आन फुकट जेवल." भंडाऱ्यावर बोललेलं वाडीत कुणी लिहून मागत नाही. मागितलं तर तो देवावर अविश्वास होतो, आणि धनगर माणूस सरकारवर ठेवणार नाही इतका विश्वास बिरोबावर ठेवतो.

तेव्हापासून दर सतरा सप्टेंबरला वाडीचा पुजारी भीमण्णा सेक्रेटरीच्या तळहातावर भंडारा ठेवतो आणि सेक्रेटरी भाषणात ते वाक्य म्हणतो. महादेवप्पाही वर्षानुवर्षं म्हणत आले होते, चांगले छाती काढून म्हणत. पाहुणे टाळ्या वाजवत.

आणि वाडीला हॉस्टेल लागायचंच. दसरा झाला की वाडी ओस पडते. कुणी मेंढरांमागं, कुणी ऊसतोडीला, कुणी हैदराबादला बांधकामावर. घराला कुलूप. कॉलेजात शिकणारी पोर मग राहणार कुठं?

"आत्या, बाबांनी टेम्पो आणलाय." चैत्रा ओसरीवरच उभी होती. मंजुश्रीच्या भावाची, अनिलकुमारची मुलगी, बीएच्या शेवटच्या वर्षाला. तिचा चेहरा उतरला होता. "करजगीच्या स्थळाला व्हय म्हणून सांगायलेत. खोली न्हाई तर कॉलेज न्हाई, म्हणाले. दिवाळीत उरकायचं."

अनिलकुमार टेम्पोच्या फाळक्यावर बसला होता. बहिणीकडे न बघताच तो म्हणाला, "मी काय हौसेनं करायलोय का? तरणी पोर कुलपाबाहेर ठेवून जाऊ?"

"आपण अर्ज दिलेत दादा..."

"अर्ज! तूच लिहिलेस सगळे. 'नम्र विनंती.' काय झालं?"

मंडपातून मंजुश्रीचं नाव पुकारलं जात होतं.

मंडप भरला होता. पुढच्या खुर्च्यांवर बीदरहून आलेले साहेब, संचालक, व्यापारी. मागे विद्यार्थी. कडेला लिंबाखाली वाडीची माणसं, कपाळभर पिवळी. मंजुश्रीनं माइक धरला. अण्णा पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून तिच्याकडेच बघत होते.

"दोन सप्टेंबर एकोणीसशे पंचेचाळीस," तिनं सुरुवात केली. "हनोई शहरातलं मैदान. फ्रेंचांची गुलामी भोगलेला, मग जपान्यांच्या टाचेखाली गेलेला देश. त्या दिवशी तिथं एक जाहीरनामा वाचला गेला. लहानसा आहे, चहा थंड व्हायच्या आत वाचून होईल. पण तो सुरू कुणाच्या शब्दांनी होतो? स्वतःच्या नाही. आधी अमेरिकेच्या जाहीरनाम्यातले शब्द येतात, सगळी माणसं जन्मतः समान आहेत हे. त्यापाठोपाठ फ्रेंचांच्या क्रांतीतले. ज्यानं मानेवर पाय ठेवला, त्याच्याच वाडवडिलांचे शब्द."

पहिल्या रांगेतल्या साहेबांनी मान डोलावली.

"हे सौजन्य नाही. हा पेच आहे. हे शब्द खोटे म्हणावेत तर फ्रेंचांना आपला बाप खोटा म्हणावा लागतो. खरे म्हणावेत तर मैदानातल्या लोकांना हक्क द्यावा लागतो."

महादेवप्पांचा वरचा पाय खाली आला.

मंजुश्रीला ते दिसलं. हे तिनं वर्गात कितीदा शिकवलं होतं, पण तेव्हा ते परीक्षेत दहा मार्कांना येईल म्हणून शिकवलं होतं. तिनं घाईनं पुढचा मुद्दा घेतला. मग आरोपांची माळ येते, ती म्हणाली. त्यांनी शाळांपेक्षा तुरुंग जास्त बांधले. त्यांनी आमची भातशेती, खाणी, जंगलं घेतली. वाक्यांची सुरुवात पुन्हा पुन्हा तशीच, 'त्यांनी' हे केलं, 'त्यांनी' ते केलं, घाव एकाच जागी बसावा म्हणून. तिनं एकही शब्द व्हिएतनामबाहेरचा काढला नव्हता. तरी लिंबाखालची माणसं आता बोलायची थांबली होती आणि 'घेतली' म्हटल्यावर दोघातिघांनी कॉलेजच्या इमारतीकडं बघितलं.

"मॅडम," बीदरचे साहेब मध्येच म्हणाले, "फ्रेंचांनी ऐकलं का मग?"

"नाही सर. ते परत आले. वर्षानुवर्षं लढाई झाली. लाखो माणसं मेली."

"म्हणजे शब्दांचा उपयोग शून्य!" महादेवप्पा मोठ्यानं हसले. संचालक हसले. मागे चैत्रानं मान खाली घातली.

मंजुश्री थांबली. कागदावर यापुढे समारोप होता, तो वाचून खाली उतरायचं एवढंच राहिलं होतं. पण प्रश्नाचं उत्तर द्यायचंच राहिलं होतं, आणि ते उत्तर तिला माहीत होतं.

"शेवट ऐका सर. त्या शेवटात कुणाला काही मागितलेलं नाही. तो अर्ज नाही. 'कृपया स्वातंत्र्य द्यावे' असं त्यात कुठंच नाही. स्वतंत्र असण्याचा आम्हाला हक्क आहे, ते म्हणतात, आणि खरं तर आम्ही स्वतंत्र झालोच आहोत. झालोच आहोत! फ्रेंचांनी ऐकायच्या आधीच. ते फ्रेंचांना ऐकवण्यापुरतं नव्हतंच. मैदानात उभ्या असलेल्या माणसांना ते कळायचं होतं."

बोलता बोलता तिला स्वतःचे अर्ज आठवले आणि कानशिलं तापली. जाहीरनाम्यात विनंती नाही हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या बाईनं, भाचीच्या खोलीसाठी मात्र नम्र विनंत्या लिहिल्या होत्या. स्वतःचाच राग आला तिला. ती धन्यवाद म्हणून खाली उतरली. टाळ्या बेताच्याच पडल्या. तिनं शीव ओलांडली नव्हती. नोकरी वाचली होती.

आता अध्यक्षीय भाषण. रिवाजाप्रमाणे भीमण्णा पुढे आला. थकलेला माणूस, पण पाठ ताठ. महादेवप्पांनी तळहात पुढे केला, भीमण्णानं चिमूटभर भंडारा ठेवला. खरं तर इथंच अण्णा चुकले. प्रकृतीचं निमित्त काढून भाषण टाळता आलं असतं. पण बीदरच्या साहेबांपुढं देवाचा मान मिळवायची हौस त्यांना सोडवली नाही.

भाषणात रझाकारांचा काळ सांगून झाला, वडिलांचे कष्ट झाले, माळावर उभं राहिलेलं पहिलं पत्र्याचं छप्पर झालं. दर वर्षी याच्या पुढं ते वाक्य येई. सगळा मंडप त्याची वाट बघत होता. महादेवप्पांनी तोंड उघडलं आणि मुठीकडं बघितलं. वाक्य म्हणावं तर उद्याचे रंगारी परत पाठवावे लागणार. न म्हणावं तर... त्यांचा आवंढा माइकवर ऐकू आला.

"तर असं हे आपलं कॉलेज," ते म्हणाले. "जय हिंद, जय कर्नाटक."

कुणी टाळी वाजवली नाही.

"अण्णा," भीमण्णा खालून म्हणाला, "अप्पांचं वाक्य राहिलं."

"वेळ झालाय भीमण्णा. साहेबांना बीदरला जायचंय."

"वाक्याला कितीसा वेळ लागतोय?"

"सांगितलं न्हवं, झालं म्हणून!" आणि महादेवप्पांनी खिशातून पांढरा रुमाल काढून तळहात पुसला.

भंडारा कुणी पुसत नाही. कपाळाला लावतात, देवावर उधळतात, फारच झालं तर पदराला बांधून घरी नेतात. लिंबाखालून एक सुस्कारा उठला. साहेब इकडंतिकडं बघू लागले, कारण काय घडलं ते त्यांना समजलं नव्हतं.

मंजुश्री कधी उठली ते तिलाच कळलं नाही. ती भीमण्णासमोर गेली आणि तळहात पसरला.

"मॅडम!" महादेवप्पा ओरडले. "खाली बसा!"

भीमण्णानं तिच्याकडं क्षणभर बघितलं. वाडीच्या बाईनं भंडारा घेऊन चारचौघांत बोलायचा रिवाज नव्हता. मग त्यानं पिशवीत हात घातला आणि मूठभर, चिमूट नव्हे, मूठभर भंडारा तिच्या हातावर ओतला.

"हे कॉलेज उभं हाय तंवर," मंजुश्री माइकजवळ जाऊन म्हणाली, "कुरणवाडीची लेक हितं फुकट राहील आन फुकट जेवल." आवाज चिरका निघाला, पण निघाला. "ह्ये थोरल्या अप्पांचं बोलणं हाय. ते खोटं बोलले असं त्यांच्या लेकानं सांगावं, मी गप बसते. आन आता अर्ज न्हाई. आमच्या पोरी हितं राहायल्यात, आज बी हितंच..."

माइक बंद पडला. कुणीतरी वायर ओढली होती. पुढचं ती ओरडून बोलली. "आज बी हितंच जेवणार हायेत!"

महादेवप्पा खुर्चीचा हात धरून उभे होते. बाप खोटा होता असं म्हणायला त्यांचं तोंड उघडेना, आणि खरा होता असं म्हणायला तर मुळीच नाही. साहेबांनी हळूच विचारलं, "काय भानगड आहे, महादेवप्पा?"

मागे खडखड झाली. चैत्रानं ओसरीवरची आपली ट्रंक उचलली होती. एकटीला ती पेलत नव्हती. बाकीच्या पोरी नुसत्या बघत होत्या, त्यांचे डोळे आपापल्या घरच्या माणसांकडं. मंजुश्रीनं भावाकडं बघितलं. अनिलकुमार फाळक्यावरून उतरला. तो पोरीकडं चालत निघाला तेव्हा मंजुश्रीही पुढं सरकली, पण हात धरून फरफटत नेली तरी त्याला कोण अडवणार होतं? चैत्रानंही ट्रंक छातीशी गच्च आवळली.

त्यानं ट्रंक तिच्या हातातून घेतली, खांद्यावर टाकली आणि कुणाकडं न बघता हॉस्टेलच्या दारातून आत शिरला. मग सगळ्याच ट्रंका हलल्या.

पाहुणे जेवण न करताच गेले. उन्हं कलायच्या आत शिपाई निरोप घेऊन आला. उद्यापासून तास नाही, क्वार्टरची किल्ली आत्ताच द्यायची. बिचारा मान वर करीना. मंजुश्रीनं किल्ली दिली. पुस्तकांची खोकी आणि गादीची वळकटी घेऊन ती ग्रंथालयाच्या पायरीवर बसली. हातांची हळद अजून गेली नव्हती. आता मात्र रडू आलं, आणि तिनं ते आवरलंही नाही.

"दसऱ्यानंतर आमी नसताव," अनिलकुमार शेजारी टेकत म्हणाला. "अण्णा परत काढायला बघतील पोरींना. आन तू? तू कुठं जाणार आता?"

"बघते कुठंतरी."

चैत्रा हॉस्टेलकडून आली आणि वळकटी काखेत मारून सरळ चालायला लागली.

"अगं, कुठं न्यायलीस?"

"माझ्या खोलीत. एक खाट मोकळी हाय."

"चैत्रा, येड्यासारखं करू नकोस. ते हॉस्टेल पोरींचं हाय."

"कोण म्हणालं?" चैत्रा वळली. वर्गात शंका विचारताना व्हायचा तसा तिचा चेहरा झाला होता. "कुरणवाडीची लेक, असं हाय त्या वाक्यात. वय कुठं सांगितलंय?"