सिस्टरची जाळी

मी एक जुनी जाळी आहे. जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. माझा दांडा सरळ आहे, माझे दोन्ही हात ताठ आहेत, आणि मांडीएवढा मासा असला तरी मी त्याला अजून अलगद पाण्याबाहेर घेते.

पाण्यात फेकतात ते जाळं वेगळं. ते माझं लांबचं नातेवाईक. ते डोळे मिटून पडतं आणि सापडेल ते गोळा करतं. मी तशी नाही. मला लांब दांडा आहे, दांड्याच्या टोकाला दोन पसरलेले हात आहेत, आणि त्या हातांमध्ये मऊ जाळीची खोल झोळी आहे. गळाला लागलेला मासा काठाशी आला की पुढचं काम माझं. मासा पाण्यात असेपर्यंत दोरा त्याला ओढू शकतो. पाण्याबाहेर त्याच दोऱ्याने उचलायला जाल तर दोरा तुटेल, नाहीतर बिचाऱ्याचं तोंड फाटेल. लोक आपल्या गळाच्या काठीच्या आणि दोरा गुंडाळायच्या चक्रीच्या बढाया मारतात. मारू देत. शेवटच्या हातभर अंतरात त्यांचं काही चालत नाही. तिथे मीच लागते.

माझा जन्म दोरखंडाच्या दुकानामागच्या एका खोलीत झाला. तिथे जाड चष्म्याची एक बाई जाळ्या शिवत असे. माझ्या झोळीला एकही गाठ नाही, कारण गाठीने माशाचे खवले सोलवटतात. तिने मला शिवलं, पोटात मूठ घालून चांगलं ताणून पाहिलं आणि मालकाला म्हणाली, "हिच्यात माझा नातू बसवला तरी फाटायची नाही." नातवाला कोणी विचारलं नाही. पण मी मात्र त्या दिवसापासून मान वर करूनच आहे.

मला एका पेंटरने विकत घेतलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याच्या नखांत नेहमी कुठला ना कुठला रंग असे. सुट्टीच्या दिवशी तो गावाबाहेरच्या तळ्यावर जाई. विटांसाठी माती काढून काढून तिथे मोठा खड्डा झाला होता, त्यात पाणी भरलं आणि त्याचंच तळं झालं. त्यात कार्प मासे सोडलेले होते. जाड ओठांचे, पितळी खवल्यांचे, आपल्याच तोऱ्यात फिरणारे. दिवसाचं तिकीट काढायचं, काठावर बसायचं, मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि परत सोडायचा, असा तिथला नियम होता.

हा नियम पाळला जातो की नाही ते बघायला एक राखणदार होता. पोलिसात तो कधीच नव्हता, पण सगळे त्याला फौजदार म्हणत. तो प्रत्येकाची जाळी हाताने चाचपून बघे. ओली असली तर आत सोडत नसे. दुसऱ्या पाण्यातली ओली जाळी आपल्याबरोबर माशांचे रोग घेऊन येते, हे त्याचं म्हणणं खरं होतं. मी कायम कोरडी असे. मला बघून तो नुसती मान हलवायचा.

पेंटरची बायको मुलांच्या दवाखान्यात नर्स होती. तळ्यावर तिला सगळे सिस्टर म्हणत. ती पहिल्यांदा आली तीच झोपायला. रात्रपाळी करून आली होती. झाडाखाली चटई टाकून तिने तोंडावर टॉवेल घेतला. तेवढ्यात पेंटरला मासा लागला आणि त्याने आरडाओरडा करून तळं डोक्यावर घेतलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मी. मला तो असं हाणत होता, जणू माशी मारायला निघाला होता. मासा मला बघायचा आणि उलटा पळायचा.

सिस्टर उठून बसली. "अहो, त्याला पळवताय कशाला? इकडे द्या ती."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मुलाला सुई टोचायची असते तेव्हा मी सुई घेऊन त्याच्या मागे धावते का? सुई लपवते आणि गप्प बसते. मूल आपोआप जवळ येतं. द्या."

तिने मला पाण्यात बुडवलं आणि हलली नाही. पाणी शांत झालं. मग ती म्हणाली, "आता आणा." पेंटरने काठी मागे घेतली, मासा सरकत सरकत माझ्यावर आला आणि तिने मला वर उचललं. एवढंच. मित्रांनो, माझ्या धंद्याचं सगळं शहाणपण एवढंच आहे. जाळी माशाकडे जात नाही, मासा जाळीवर आणायचा असतो. ऐकायला सोपं आहे. पण मासा जवळ दिसला की भल्याभल्यांचा हात शिवशिवतो आणि तिथेच घोटाळा होतो.

त्या दिवसापासून काठी पेंटरची आणि मी सिस्टरची. ती आधी हात ओले करी, मग माशाला खरचटू नये म्हणून अंथरलेल्या ओल्या गादीवर ठेवी, चिमट्याने गळ काढी आणि एकीकडे बोलत राही, "झालं, झालं, काही नाही झालं." सोडताना म्हणे, "जा घरी, डिस्चार्ज." हळूहळू तिची कीर्ती तळंभर पसरली. समोरच्या काठावर कोणाला मोठा मासा लागला की हाक यायची, "ओ सिस्टर, या जरा लवकर!" मग ती मला खांद्यावर घेऊन तरातरा निघायची. पेंटर मागून कुरकुरायचा, "आमचा डबा उघडा टाकून चालली गावाची सेवा करायला." पण ते बोलताना त्याची छाती फुगलेली असे. माझीही.

अशी आमची बरीच वर्षं छान गेली. मग एका संध्याकाळी सिस्टरला बाकावरून उठवेना. पेंटरने घाईघाईने सामान गोळा केलं. मला तसंच ओलं पिशवीत कोंबलं आणि घरी पोचल्यावर पिशवी पलंगाखाली सारली. घरी आल्यावर मला धुवायचं आणि दोरीवर टाकायचं, हे काम सिस्टर करायची. त्या दिवशी ते राहिलं. पुढेही राहिलं.

पलंगाखालून मला फक्त पावलं ऐकू येत. आधी दोघांची येत. मग पेंटरची एकट्याची, घाईची, दवाखान्यात जाण्यायेण्याची. मग खूप लोकांची. आणि मग पुन्हा एकाची, पण घाई नसलेली.

मला बुरशी धरली. शेवाळ सडलं. मित्रांनो, स्वतःचा वास स्वतःला सहन होऊ नये, याहून वाईट काय असेल? पेंटरला तो कळला नाही. त्याला त्या दिवसांत जेवणाची चवही कळत नव्हती. कळला तो सिस्टरच्या बहिणीला. ती भाऊजींना काही दिवस स्वयंपाक करून घालायला आली होती. साठीला टेकली होती, तरी घरात तिला धाकटीच म्हणत.

"भाऊजी, या घरात काहीतरी मेलंय," ती दारातूनच म्हणाली. आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. पेंटर तिच्याकडे बघून अचानक हसला. मग दोघंही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी सगळं हसण्याचंच होतं असं मी म्हणणार नाही.

धाकटीने वासाचा माग काढत मला बाहेर ओढलं. "ईऽऽ! ही कचऱ्यात टाकते."

"टाकू नकोस. तिची आहे."

"ताईची आहे म्हणून अशी सडवलीत? ताईने बघितलं असतं तर तुम्हालाच कचऱ्यात टाकलं असतं. उठा, धुवा."

त्याने मला धुतलं. साबण लावला, ब्रशने घासलं, दोनदा पाणी बदललं. एका कोपऱ्यात दोन विणी कुजल्या होत्या, त्या त्याने जाड दोऱ्याने ओवून घेतल्या. पाट्या रंगवणाऱ्याचा हात, टाके एका रेषेत आले. आणि पुढच्या सुट्टीला तो मला घेऊन तळ्यावर गेला.

तिथे गडबड झाली. मासा लागला, चांगला मोठा. पेंटरने तो छान दमवला, काठाशी आणला. आणि मग मी त्याच्या हातात आले. इतकी वर्षं ते त्याला करावंच लागलं नव्हतं. मासा जवळ दिसला आणि त्याने मला पुढे हाणलं. माझी कड दोऱ्यावर आपटली. दोरा तुटला. मासा तोंडात गळ आणि मागे लांब दोरा घेऊन खोल पाण्यात गेला.

फौजदार मागेच उभा होता. "पेंटर, असा मासा कुठेतरी मुळांत अडकतो. मग मरतो. सिस्टर होत्या तोवर मला तुमच्याकडे बघावं लागलं नाही. आता जोडीदार घेऊन या, नाहीतर माझ्याकडे तिकीट मागू नका."

"जोडीदार कुठून आणू?" पेंटर म्हणाला.

फौजदाराने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. शेजारचा गळवाला म्हणाला, "आम्ही आहोत की. हाक मारत जा." पेंटरने मान हलवली. पण मला त्याने कोणाच्या हातात दिलं नाही. ते त्याला जमणार नव्हतं, हे मला माझ्या दांड्यावरच्या त्याच्या मुठीवरून कळलं.

"एकट्याने करून दाखवलं तर?" त्याने विचारलं.

"माझ्यासमोर दाखवा. एकदा. नाही जमलं तर मग पुन्हा नाही."

घरी बसून पाट्या रंगवायच्या आणि भिंतीकडे बघायचं, एवढंच मग पेंटरच्या वाट्याला उरलं असतं. तळं गेलं की सिस्टरबरोबरची उरलेली जागाही गेली असती. त्याने हे कोणाला बोलून दाखवलं नाही. पण धाकटी काही दुधखुळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात शाळा भरली. ओल्या टॉवेलचा गुंडाळा करून तो मासा म्हणून गळाच्या दोऱ्याला बांधला. गुंडाळ्याच्या दुसऱ्या टोकाला दोरी, आणि दोरी धाकटीच्या हातात.

"ओढ, धाकटे. माशासारखी ओढ."

"मासा कसा ओढतो ते मला काय माहीत? मी काय पाण्यात राहते?" असं म्हणून तिने असा हिसका दिला की पेंटर धुण्याच्या दगडावर आपटता आपटता वाचला. "भाऊजी, मासा दमतो कधी?"

"तू दमलीस की."

"मग बसा संध्याकाळपर्यंत!"

शेजारीण भिंतीवरून बघत होती. "काय चाललंय हो?"

"मी मासा आहे," धाकटी म्हणाली आणि मोगऱ्याला वळसा घालून पळाली.

पण टॉवेल जवळ आला की पेंटरचा हात पुढे जायचाच. पुन्हा पुन्हा जायचा. शेवटी धाकटी दोरी सोडून खाली बसली. धापा टाकत तिने विचारलं, "ताई या वेळी काय करायची?"

"काहीच करायची नाही. नुसती धरून बसायची."

"मग तुम्हीही काही करू नका ना!"

पेंटर उभा राहिला. मग त्याने मला जमिनीवर पसरलं, माझ्या दांड्यावर एक गुडघा टेकला आणि हात मोकळा केला. जो हात शिवशिवत होता तोच काढून घेतला. दोन्ही हातांनी काठी धरली, मागे झुकला आणि टॉवेल सरकत माझ्यावर आला. धाकटीने टाळ्या वाजवल्या. शेजारणीनेही वाजवल्या, कशासाठी ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी तळ्यावर फारसं कोणी नव्हतं. फौजदाराने मला चाचपलं. मी खडखडीत कोरडी होते. मग तो चहाचा कप घेऊन पेंटरच्या मागे येऊन उभा राहिला. धाकटी बाकावर, देवाला हात जोडल्यासारखी बसली होती. दुपार कलेपर्यंत मासा लागला नाही. लागला तो असा लागला की चक्री किंचाळली.

पेंटरने घाई केली नाही. मासा धावला तेव्हा दोरा सोडला, थांबला तेव्हा घेतला. मग मला पाण्यात बुडवलं आणि माझ्या दांड्यावर गुडघा ठेवला. पितळी अंग वर दिसलं. हातभर अंतर राहिलं आणि मासा उलटा फिरला. पेंटरचा एक हात काठीवरून सुटला. खाली माझ्याकडे यायला लागला.

"भाऊजी," धाकटी हळूच म्हणाली. एवढंच.

हात परत काठीवर गेला. मासा पुन्हा आला, पुन्हा फिरला. मी चिखलात होते तशीच होते. तो येणार याची मला खात्री होती. तिसऱ्यांदा पेंटर मागे झुकला, आणखी झुकला, आणि एक मोठं, थंड, जिवंत वजन माझ्या झोळीत उतरलं. त्याने काठी सोडून दांडा धरला. पण उचलला नाही.

"उचला की," फौजदार म्हणाला.

"दम घेऊ दे."

"माशाला की तुम्हाला?"

"दोघांनाही."

थोड्या वेळाने पेंटरने आधी हात ओले केले. मासा गादीवर घेतला, गळ काढला, सोडायला पाण्यात दोन्ही हातांवर धरला. मासा काही वेळ तिथेच राहिला, मग शेपटी हलवून गेला. पेंटर हात पाण्यातच ठेवून बसला. फौजदाराने कप झटकला आणि पलीकडच्या गळवाल्याची जाळी तपासायला निघून गेला. त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी आजवर कोणाला मिळालेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाची तरी वस्तू असेल. छत्री, चष्मा, शिवणाचं मशीन. वापरणारा माणूस आता नसेल. ती वस्तू जपायची म्हणून ओली, मळलेली, अंधारात कोंडून ठेवू नका. त्याने ती जपली जात नाही, सडते. तिला धुवा. उसवली असेल तर टाके घाला. कोरडी करा आणि तिच्याकडून काम घ्या. माणसाचं मला सांगता येणार नाही, पण वस्तूचं मी खात्रीने सांगते. मला आठवण व्हायचं नाही. मला जाळी व्हायचं आहे.

आत्ता मी अंगणात दोरीवर आहे. एका बाजूला पेंटरचा शर्ट वाळतोय, दुसऱ्या बाजूला त्याची चादर. ऊन चांगलं आहे, वाराही आहे. संध्याकाळच्या आत मी कोरडी होईन.