खारूच्या छातीतला आवाज

स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण घसरलं आणि फरशीवर गोल गोल फिरत, टणटणत, शेवटी आडवं झालं. बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेली वीस-बावीस माणसं एकदम दचकली. इतका वेळ तिथे कुणी खोकलंसुद्धा नव्हतं. कुणीतरी "आई गं!" म्हणालं, कुणीतरी शेजारणीचा दंड पकडला, आणि तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलेल्या सात वर्षांच्या मुलीच्या छातीतून आवाज आला. पोरीचा नव्हे. जाड, खरखरीत, विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

"मला ठाऊक आहे... हं... तू कुठे झोपतेस."

मुलीच्या तोंडावर पांढरा रुमाल घट्ट बांधला होता. खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत जाड शाल होती. उघडे होते ते फक्त डोळे, आणि ते जमलेल्या सगळ्यांपेक्षा जास्त घाबरलेले होते. पण डोळ्यांकडे बघायला कुणाला सवड होती?

"बघितलंत?" सोडवणारे काका म्हणाले. नाव त्यांचं दुसरंच काहीतरी, पण ते माणसांना भूतबाधेतून 'सोडवतात' म्हणून सगळे तसंच म्हणत. एक हात जाकिटाच्या खिशात, दुसरा हवेत. "तोंड बांधलंय, तरी बोलतंय! पोर नाही बोलत, पोरीतलं बोलतंय. ही कंपनं आहेत, कंपनं. विज्ञानसुद्धा मानतं. सेकंदाला सव्वीस हजार. मोजून घ्या कुणीही."

मोजणार कोण? सगळ्यांनी माना डोलावल्या.

"अगदी सिनेमातल्यासारखा आवाज," शिलाईकाकू कुजबुजल्या. समोरच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन होतं, आणि इमारतीतल्या सगळ्या बातम्या आधी त्या मशीनखालून जात.

दारात, आठ महिन्यांचं लेकरू खांद्यावर झोपवून, खालच्या मजल्यावरची डबिंगवाली उभी होती. काटा तिच्याही अंगावर आला, पण भीतीनं नव्हे. तो मधला 'हं' तिच्या ओळखीचा होता.

या घरातलं बाळ जाऊन दोन महिने झाले होते. तीन महिन्यांचं होतं. दुपारी दूध पिऊन झोपलं ते उठलंच नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, इतक्या लहान मुलांचा श्वास कधी कधी झोपेत थांबतो. का, ते आम्हालाही सांगता येत नाही. चूक कुणाचीच नाही. बाळाचे वडील बस चालवत. गाडी बंद पडली की काहीतरी तुटलेलं, तापलेलं, अडकलेलं असतं, एवढं त्यांना माहीत. 'का ते सांगता येत नाही' हे त्यांच्या घशाखाली उतरेना. त्या दुपारी आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि बाळापाशी थोरली बसली होती. दोन्ही हातांत बिस्कीट धरून कुरतडते म्हणून तिला सगळे खारू म्हणत. आई परत आली तेव्हा खारूनं ओठांवर बोट ठेवून सांगितलं होतं, "शू! झोपलंय."

त्यातच तो सिनेमा आला. चाळीस वर्षांपूर्वी एक परदेशी भयपट गाजला होता. गोड चेहऱ्याची मुलगी, घरात नवं बाळ, आणि मुलीत शिरलेलं काहीतरी वाईट. त्याचाच हा नवा अवतार, मराठी आवाज चढवून मोबाइलवर आलेला. शिलाईकाकूंनी दोन्ही पाहिले होते.

"जुन्यातली पोर जास्त भारी होती बाई. नुसती बघायची, की हातातला चहा थंड. नव्यातली जरा अतीच करते," त्या काजं करता करता सांगत. मग सुई थांबायची. "पण एक सांगू? दोन्हींत बाळ जातं तेव्हा ती रडत नाही. आपली खारू रडली होती का गं?"

खारू रडली नव्हती. मग काय, एकदा नजर बसली की खुणांना तोटा नसतो. खारू खिडकीत उभी राहते, सिनेमातलीही राहते. खारू एकटीच पुटपुटते, सिनेमातलीही. कोपऱ्यावरचं कुत्रं खारूवर भुंकलं. ते पोस्टमनवर आणि मीटर वाचायला येणाऱ्यावरही भुंकायचं, पण ते कुणी हिशेबात धरलं नाही. कुणी न बोलावताच सोडवणारे काका हजर झाले. आज त्यांची तिसरी बैठक होती.

पहिल्या दोन्हींना डबिंगवाली आली नव्हती. बाळ, काम, आणि असल्या गोष्टींचा तिटकारा. पण काल संध्याकाळी खारू तिच्या दारात उभी राहिली होती. एरवी शाळेतून सुटली की दप्तरासकट घुसायची, बाळाच्या पायाची बोटं मोजायला. रोज मोजायची, जणू एखादं कमी होईल. काल उंबऱ्याबाहेर थांबली. हात पाठीमागे.

"आत ये की."

"नको मावशी. तुमच्या बाळाला होईल काहीतरी."

"कोण म्हणतं असं?"

"मीच म्हणते. माझ्या आतून. मी ऐकलं ना."

म्हणून आज ती वर आली होती. आल्या आल्या भिंतीशी ठेवलेली, कपड्यांनी फुगलेली बॅग तिला दिसली. संध्याकाळी काका खारूला आपल्या केंद्रावर नेणार होते. वर्षभर. तिथे भेटायला कुणालाही परवानगी नव्हती.

आता हा 'हं'. सिनेमातल्या लहान मुलांचे आवाज बहुतेक बायकाच देतात, आणि त्या नव्या सिनेमातल्या मुलीचा आवाज डबिंगवालीनं दिला होता. पडद्यावरच्या मुलीचे ओठ परदेशी शब्दावर अर्धा क्षण जास्त उघडे राहत होते आणि मराठी वाक्य आधीच संपत होतं. उघड्या तोंडातून आवाज आला नाही तर बघणाऱ्याला खटकतं. म्हणून दिग्दर्शक म्हणाला, मध्ये एक 'हं' टाका. डबिंगमध्ये अशी भोकं असंच काहीबाही भरून बुजवतात. मग रेकॉर्डिस्टनं तिचा आवाज खाली ओढून राक्षसाचा केला. तेव्हा तिला सातवा महिना होता. ती गुरगुरली की पोटातलं लाथ मारायचं, आणि काचेपलीकडे सगळे हसायचे.

खारूच्या छातीतलं भूत नेमकं तिथेच 'हं' म्हणत होतं. कुठल्या भुताला परदेशी नटीच्या ओठांची एवढी काळजी असते?

"बोल!" काका गरजले. डोळे मिटलेले, हात खिशात. "बाळाचं काय केलंस?"

"बाळाला मी झोपवलं," छाती म्हणाली. "कायमचं."

खारूच्या आईच्या तोंडून एक आवाज निघाला, तो कुठल्याही सिनेमात घालता आला नसता. डबिंगवालीनं हेही वाक्य ओळखलं. या वाक्याचे तीन टेक झाले होते. दोनदा दिग्दर्शक म्हणाला होता, अजून प्रेमानं म्हणा.

तिनं झोपलेलं बाळ शिलाईकाकूंच्या मांडीवर दिलं. "धरा जरा."

"अगं नको जाऊस पुढे! सिनेमात शंका घेणारीच आधी मरते!"

"मला शंका नाहीच आहे काकू. मला माहीत आहे."

ती खुर्चीपाशी गेली. "काका, एक प्रश्न मी विचारू?"

"लांबून विचार. कंपनं लागतील."

"लागू देत. खारूत जे कोण आहे त्यानं सांगावं, बाळाला घरात काय हाक मारायचे?"

इमारतीतल्या लहान पोरालासुद्धा हे माहीत होतं. काकांचा हात खिशात चुळबुळला.

"दार बंद कर," छाती म्हणाली. "उजेड नको मला."

"हे उत्तर झालं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"ते क्षुल्लक प्रश्नांना..." काकांनी सुरुवात केली.

"पुढचं मी सांगते," डबिंगवाली म्हणाली. तिनं मान खाली घातली, गळा आवळला आणि आवाज छातीत उतरवला. "उजेड नको मला. उजेडात... हं... आई दिसते."

तिच्या तोंडून तोच आवाज. बायका मागे सरकल्या, एक मुलगा रडायला लागला. तिनं मान वर केली तेव्हा तिचेही डोळे भरलेले होते.

"घाबरू नका. मीच आहे. तो सिनेमातला आवाज माझा आहे, पोटासाठी काढलेला. यांनी तो मोबाइलमध्ये कापून भरलाय."

तिनं खारूच्या अंगावरची, काकांनीच आणलेली शाल काढून उलटी केली. अस्तराला छातीच्या जागी खिसा होता. खिशात डबीएवढा स्पीकर, निळा दिवा लुकलुकणारा. तिनं खारूच्या वडिलांकडे पाहिलं. ते उठले, काकांच्या जाकिटातून त्यांनी मोबाइल काढला आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं. "एक, धमकी. दोन, बाळ. तीन, दार. चार, हसणं." चौथ्यावर त्यांचं बोट लागलं आणि डबिंगवालीच्या हातातली शाल खदाखदा हसली.

"ती... ती कंपनं वाढवायची सोय आहे," काका म्हणाले.

"सव्वीस हजार का?" कुणीतरी विचारलं, पण हसलं कुणीच नाही. काका वहाणा हातात घेऊन जिना उतरले. मोबाइल मागायची त्यांची हिंमत झाली नाही.

शिलाईकाकू बाळाला थोपटत राहिल्या. "पण ती रडली नव्हती हे तर खरं ना?" त्या हळूच म्हणाल्या.

"मीच सांगितलं होतं तिला," वडील म्हणाले. ते खाली बसले होते, मोबाइल अजून मुठीत. "आईसमोर रडू नकोस म्हणून. मीच."

डबिंगवालीला भाषण करायचं नव्हतं. पण सगळे तिच्याकडेच बघत होते.

"त्या सिनेमातली मुलगी मी मूक पाहिली आहे," ती म्हणाली. "आवाज नाही, संगीत नाही. नुसती एक पोर खिडकीत उभी असते, कंटाळलेली. कॅमेरा खाली ठेवतात, मागे व्हायोलिन लावतात, माझा आवाज घालतात, मग ती वाईट दिसते. तुमच्या-माझ्या कुठल्याही लेकराला असं वाईट करता येईल, अर्ध्या दिवसाचं काम आहे. सिनेमा बघा, घाबरा, मजा करा. पण चमत्कार दिसला तर आधी शाल उलटी करून बघा. त्याला असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर भरून ठेवलेलं नसेल. आणि एवढं तरी करा, की आपलं दुःख सात वर्षांच्या पोरीच्या अंगावर टाकू नका. तिच्या वाट्याचं तिला आहेच की."

माणसं एकेक करून उठली.

डबिंगवालीनं खुर्चीसमोर गुडघे टेकून रुमालाची गाठ सोडली. गालांवर कापडाचे वळ उठले होते. खारूनं आधी श्वास घेतला, मग आपल्या छातीवर हात ठेवून बघितलं.

"आत कोणी नाही?"

"तूच आहेस. दुसरं कोणी नाही."

"कधीच नव्हतं?"

"कधीच नाही गं राणी."

"मग तेव्हा मी काही केलं नाही? मी पांघरूण घातलं होतं त्याला. त्यानं पण नाही झालं?"

"नाही. तू त्याला सांभाळत होतीस. डॉक्टरांनी पण सांगितलंय, चूक कुणाचीच नाही."

भिंतीला टेकून बसलेली खारूची आई आता लेकीकडे पाहत होती, दोन महिन्यांत पहिल्यांदा सरळ. वडीलही पाहत होते. खारूनं दोघांकडे बघितलं आणि मग डबिंगवालीच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. तिच्या स्वतःच्या, बारीक, पडलेल्या दातांच्या फटीतून फुस्स होणाऱ्या आवाजात तिनं विचारलं,

"मावशी, मी पण नाही, आणि भूत पण नाही, तर मग आमचं बाळ का गेलं?"