कूलरच्या पायाखालून

मी पितळेची पाटी बोलतेय. चमक अजून शाबूत आहे माझी, आणि राग त्याहून!

नामपल्लीच्या कारागिरानं मला कोरलं, 'हिम्मतराव, अध्यक्ष'. साहेब एका सरकारी महामंडळाचे अध्यक्ष होते. बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या फाटकावर मी झळकायची. त्यांच्या पत्नी मालनबाई मला चिंचेनं घासायच्या. काय थाट होता माझा!

मग साहेबांना खासदार व्हायचे डोहाळे लागले. अर्ज भरण्यापुरता त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्यांचा जुना दोस्त नामदेवराव प्रचारासाठी मलकपेठभर चपला झिजवत फिरला. साहेबांनी माझ्यावर हात ठेवून त्याला शब्द दिला, "मी दिल्लीला गेलो की ही खुर्ची तुझी. याच पाटीवर तुझं नाव कोरू." नामदेवरावाचे डोळे भरून आले. मीही भोळी, खूश झाले.

साहेब निवडून आले. 'खासदार' अशी मोठी पाटी लागली आणि मला कूलरच्या मोडक्या पायाखाली सारलं. पाणी टपटप अंगावर. हिरवी पडले हो मी! आणि खुर्ची? ती साहेबांनी गुपचूप परत स्वतःच घेतली. पगार, गाडी, सगळं चालू.

मालनबाई म्हणाल्या, "अहो, सरकारचं लाभाचं पद घेतलं की खासदारकी जाते म्हणे. घटनेतच आहे. नामदेवभावजींना देऊन टाका की."

"नक्को डोकं खाऊ! लोकसभा पाच वर्षांची आहे. तोवर मला कोण हलवतंय?"

अरे शहाण्या, पाच वर्षं सभागृहाला दिलीत, तुला नाही!

नामदेवराव भेटायला यायचा, तर साहेब आतूनच 'घरी नाहीत' म्हणून सांगायला लावायचे. तो उन्हात फाटकाशी ताटकळून परत जायचा. तेव्हाच मी ठरवलं, या माणसाची जिरवल्याशिवाय राहायचं नाही.

संधी साहेबांनीच दिली. महामंडळाच्या कामाला येणारे लोक फाटकावर अध्यक्षाची पाटी दिसेना म्हणून पुढं जायला लागले. साहेबांना ते कसं सहन होणार? दसऱ्याला त्यांनी मला काढलं, घासून घेतलं आणि मोठ्या पाटीखाली ठोकलं.

त्याच दिवशी नामदेवराव सोनं द्यायला आला. दसऱ्याला दारी आलेल्याला परत कसं पाठवणार? त्यानं दोन्ही पाट्या निरखून वाचल्या.

"साहेब, पाट्यांजवळ उभे राहता का? एक फोटो काढतो."

"हौ, काढ की!" साहेबांनी मिशीला पीळ दिला आणि माझ्यावर हात ठेवला. तोच हात! मी अशी चमकले, की अक्षर न् अक्षर फोटोत उठलं.

फोटोसकट नामदेवरावाची तक्रार राष्ट्रपतींकडे गेली, तिथून निवडणूक आयोगाकडे. साहेब म्हणाले, "मी तर राजीनामा केव्हाच दिलाय." आयोगानं फोटो पाहून महामंडळालाच विचारलं, तर पगार चालूच निघाला. झालं, खासदारकी गेली. लोकसभा मजेत चालू आहे, साहेब ती घरी बसून टीव्हीवर बघतात. भोगा!

साहेबांची खुर्चीही गेली, पण नामदेवरावाला ती काही मिळाली नाही. तिसराच कुणीतरी बसला. पण आता नामदेवराव फाटकाशी थांबत नाही. मालनबाई त्याला आत बोलावतात, कूलरसमोर बसवून चहा देतात, आणि साहेब मान खाली घालून बसतात.

साहेबांनी आम्हा दोघी पाट्यांना भंगारात घालायला काढलं होतं. मालनबाईंनी ऐकलं नाही. कूलरचा पाय अजून मोडकाच आहे, म्हणून आम्ही दोघी त्याखाली आलोय.

मालनबाई, मला फाटक नको, चिंचही नको. कूलरमध्ये पाणी तेवढं भरपूर घाला आणि तो खुशाल गळू द्या. मी भिजेन, मला सवय आहे. पण सगळं पाणी झिरपून साचतं ते 'खासदार' या अक्षरांवर. या वेळी वर मी आहे.